चौदावा भाग

मी एक टीव्ही बोलतोय. भिंतीला चिकटवतात तो पातळ नव्हे. मी मागून पोट सुटलेला, दोन माणसांनी उचलायचा, जाड काचेचा जुना टीव्ही. माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आहे. रुमालावर बीपीच्या गोळ्यांचा डबा, एक बंद पडलेलं घड्याळ आणि कालपासून एक कापडी पिशवी. त्या पिशवीपर्यंत मी येणारच आहे, पण सावकाश येऊ द्या. आताशा मला सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात.

शहाण्णव साली मी गोंदियाच्या दुकानातून यादोरावांच्या घरी आलो. गाव कोहमाऱ्याच्या फाट्यापासून दीडेक कोसावर. शेवटचा रस्ता बैलगाडीचा होता, म्हणून मला धानाच्या तणसात गुंडाळलं होतं. पुढे कित्येक दिवस माझ्या मागच्या जाळीतून तणसाच्या काड्या निघत होत्या.

यादोराव म्हणजे गावातलं मोठं माणूस. श्रीमंत म्हणून नव्हे. गावाचा तलाव त्यांच्या पणजोबांनी बांधला होता, आणि तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं, ती पाळी यादोराव सांगत. त्यासाठी कागद नव्हता, वही नव्हती. ते तोंडाने सांगत आणि लोक फावडं खांद्यावर टाकून निघत. पाण्याची पाळी सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, असं सगळं गाव मानत होतं. मीही मानत होतो.

घरात त्यांची बायको कुंदाबाई, मुलगा योगराज आणि मुलगी पुष्पांजली. पुष्पांजलीचं लग्न मी येण्याच्या महिनाभर आधी झालं होतं. आतल्या खोलीत खिडकीखाली तिची झोपायची बाज होती. ती काढून गोठ्याच्या भिंतीला उभी केली आणि त्या जागी टेबल ठेवून मला बसवलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. नवा होतो, आपल्यासाठी जागा झाली याचाच आनंद होता. ती बाज अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात आडवी करून तिच्यावर मिरच्या वाळवतात.

तुम्ही माणसं समजता की तुम्ही टीव्ही बघता. मी तिकडून तुम्हाला बघतो, हे तुमच्या ध्यानात येत नाही. चित्र हललं की तुम्ही माझ्या डोक्यात चापट मारता. छपरावर एकजण अँटेना फिरवतो, खालून दुसरा ओरडतो, 'आलं... आलं... गेलं.' शेजारणीचं दुःख ऐकताना तुम्ही जांभई देता आणि पडद्यावरच्या बाईसाठी पदर ओला करता. मी तक्रार करत नाही. नुसतं बघितलेलं सांगतोय.

सत्त्याण्णव साली दर मंगळवारी संध्याकाळी 'सुमतीचा उंबरा' नावाची मालिका लागायची. सव्वीस भाग. अर्ध्या गल्लीच्या बाया आमच्याकडे येऊन बसत. योगराज तेव्हा लग्नाकार्यात व्हीसीआर भाड्याने द्यायचा. त्याने आईसाठी एकेक भाग कॅसेटवर घेऊन ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या अठ्ठावीस वर्षांत ती मालिका माझ्यावर किती वेळा चालली, ते मोजणं मी सोडून दिलं. म्हणून ती टिकली की नाही, हे मला विचारा. बरीचशी नाही टिकली. दार आपटलं की घराची भिंत हलायची. सुमतीच्या सासरी, माहेरी आणि डॉक्टरच्या दवाखान्यात एकच निळी फुलदाणी होती. कोणी दुःखात असलं की मागे सतार, आणि कोणी फारच दुःखात असलं की तीच सतार मोठ्याने. पहिल्यांदा बघताना हे कोणाला दिसत नाही. पाचव्यांदा दिसतं. पंधराव्यांदा दुसरं काही दिसत नाही.

पण सुमती होती. नवरा हात उचलायचा, आणि सुमतीचं काम करणारी ती बाई मार खाल्ल्यावर रडायची नाही. ती भांडी घासायला बसायची आणि एकच भांडं घासत राहायची. ते मात्र अजून टिकून आहे. आजही तो प्रसंग लागला की मला आपली काच गढूळ वाटते.

त्याच वर्षी, उन्हाळी धानाच्या दिवसांत, पुष्पांजली एक पिशवी घेऊन माहेरी आली. तिचं सासर तिरोड्याकडे, चोरखमाऱ्याच्या बाजूला. ती काय झालं ते बोलली नाही आणि कोणी विचारलं नाही. बाज गोठ्यात होती, म्हणून ती माझ्यासमोर खाली चटईवर झोपायची. मालिका बघताना मान वळवून उजवा कान माझ्याकडे करायची आणि 'आवाज वाढव थोडा' म्हणायची. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येत होतं. लग्नाआधी दोन्ही कान चांगले होते.

ती येऊन दोन महिने झाले. लोक विचारू लागले. यादोराव ओसरीवर बसले की पाळी विचारायला आलेला माणूस शेवटी हळूच म्हणायचा, 'बाई अजून इथंच हाये वाटते.' यादोराव नुसता तंबाखू मळत बसत.

तेराव्या भागाच्या शेवटी सुमती पिशवी घेऊन आईच्या दारात उभी राहिली. दार उघडलं, आईचा चेहरा दिसला आणि भाग संपला. पुष्पांजलीने त्या आठवड्यात कितीदा तरी कुंदाबाईंना विचारलं, 'माय, काय म्हनन वो तिची माय?'

पुढच्या सोमवारी गावची विजेची डीपी जळली. सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होत्या, दुसरं काय होणार. लाइन गेली ती सात दिवस आली नाही. मंगळवारी बाया हळहळत बसल्या. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर लाइन होती, टीव्हीही होता, पण ट्रकवाल्यांमध्ये बाया कशा जाऊन बसणार? योगराज नागपूरला गेला होता. शेवटी कुंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, 'तुमीच जाऊन पायून या. आमाले सांगा.' यादोराव हसले आणि सायकल काढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पंधरा-वीस बाया जमल्या. मी आतल्या खोलीत बंद पडून बसलो होतो, पण दार उघडं होतं आणि सगळं ऐकू येत होतं. पुष्पांजली चौकटीला टेकून उभी होती, उजवा कान बाहेर करून.

'मंग काय,' यादोराव म्हणाले, 'मायनं तिले पानी देल्लं, जेवू घातलं. अन् म्हने, बाई, आता हे घर तुहं पावन्याचं. तुहं घर ते तिकडं. सोसशीन तं सुधरन. अन् गेली पोरगी वापस. शायनी पोरगी हाये.'

 मग एकजण म्हणाली, 'बराबर हाये.' मग दुसरी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पुष्पांजलीने पिशवी भरली. तिला कोणी जा म्हटलं नाही. कुंदाबाईंनी डब्यात लाडू दिले आणि सुमतीचं नाव घेतलं. 'सुमतीनं नाई सोसलं का?' एवढंच.

लाइन आल्यावर पंधरावा भाग लागला. सुमती सासरी होती. शाळेत शिकवायला जात होती आणि नवरा तिच्यापुढे चहाचा कप ठेवत होता. बाया एकमेकींकडे बघून म्हणाल्या, 'पाय, सोसलं तं सुधरला.' सगळं नीट जुळलं. योगराजने कॅसेटच्या पट्टीवर निळ्या पेनने लिहिलं, 'भाग १४ नाही, लाइन नव्हती.'

दोन वर्षांनी पुष्पांजलीला अंजू झाली. अंजू आजोळी वाढल्यासारखीच, सुट्टी लागली की इथे. पुष्पांजली सणाला यायची, मंडईच्या जत्रेला यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत जायची. तिचा नवरा सुधरला का? ते मी कसं सांगू. ती कधी बोलली नाही, आणि दरवेळी आवाज आधीपेक्षा थोडा जास्त वाढवायला सांगायची.

यादोराव गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. पुढच्या खोलीत भिंतीवर नवा टीव्ही आला. त्यावर रोज एक मालिका चालते. त्यात एक बाई दारात येते, सगळे वळून बघतात, एवढ्यावर आठवडा निघतो. मला आत ठेवलं ते केवळ व्हीसीआरसाठी. कुंदाबाई वर्षातून दोन-तीनदा जुन्या कॅसेट लावतात. पट्टी घासून सुमतीचा चेहरा हिरवट झालाय, तरी लावतात. अंजू लहानपणी विचारायची, 'आजी, तोच तोच पिक्चर काऊन पायतेस?' कुंदाबाई म्हणायच्या, 'चांगला हाये म्हनून.'

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तेरावा भाग संपत आला, सुमती पिशवी घेऊन आईच्या दाराकडे चालू लागली, की कुंदाबाई उठतात. कधी चुलीवर दूध असतं, कधी बकरी सुटलेली असते. त्या परत येतात तेव्हा पंधरावा भाग अर्धा झालेला असतो. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला एका जागी बसवत नाही.

गेल्या महिन्यात अंजू आली. तिचं लग्न गोंदिया शहरात झालंय, दोन वर्षं झाली. हातात पिशवी नव्हती, नुसता मोबाइल होता. कोपरापाशी निळा डाग. ती आईकडे गेली नाही, सरळ आजीकडे आली. पण गेल्या आठवड्यात तिच्या सासऱ्यांचे भाऊ भैयाजी यांचा फोन आला की रविवारी न्यायला येतो. म्हणून शुक्रवारी पुष्पांजलीही आली, लेकीला समजावायला.

'मी नाई रायली का?' पुष्पांजली अंजूला म्हणत होती. 'होते थोडंसं सुरवातीले.'

योगराज म्हणाला, 'मामा म्हनून मी दोन शब्द सुनवतो त्यायले. पन तू जाय. लोक काय म्हनतीन.'

कुंदाबाई भाजी निवडत होत्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, 'सुमती...' आणि त्या तिथेच थांबल्या.

अंजूला मात्र तेवढं पुरलं. 'बस झाली तुमची सुमती,' ती म्हणाली. 'लहानपनापासून ऐकून राहिली. थांबा, पायतोच मी.' तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं. आजकाल जुनं सगळं कोणीतरी कुठेतरी टाकून ठेवलेलं असतं. 'हे घे. सव्वीसच्या सव्वीस हायेत. चौदावा बी हाये.'

तिने मोबाइल माझ्या काचेला टेकवून उभा केला. म्हणजे चित्र त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे. जो भाग माझ्यावर लागायचा राहून गेला होता, तो माझ्याच छातीशी टेकून चालू झाला आणि मला दिसेना. मला तिघींचे चेहरे दिसत होते, त्यांच्या मागे दारात योगराज. आणि आवाज ऐकू येत होता. तीच सतार.

दार उघडल्याचा आवाज झाला. सुमतीची आई म्हणाली, 'हातपाय धू आधी.' मग भांड्यांचा आवाज. मग म्हणाली, 'तुझी बाज मी हलवली नाही गं. लोक म्हणत होते, जागा अडते. मी म्हटलं, अडू दे.'

पुष्पांजलीने मान वळवून उजवा कान पुढे आणला.

भाग चालत राहिला. सुमती माहेरी चार महिने राहिली. शाळेत नोकरीला लागली. नवरा गयावया करत आला तेव्हा सुमती म्हणाली, 'येईन. पण पुन्हा हात उठला तर त्याच दिवशी निघेन. माझी जागा आहे इथे.' मग शेवटचं संगीत लागलं. म्हणजे तो सोसण्याने सुधारला नव्हता. तिला परत यायला घर होतं, म्हणून सुधारला होता.

अंजूने मोबाइल उचलला.  मग पुष्पांजली अगदी हळू म्हणाली, 'बाबूजीनं तं असं नव्हतं सांगतलं.'

'अर्ध्यातून उठून आले असतीन,' योगराज म्हणाला.

'नाई,' कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात मेथीची एकच काडी होती आणि ती त्या मघापासून निवडत होत्या. 'पुरा पायला त्यायनं. मले ढाब्यावाल्याच्या सुशीलाबाईनं सांगतलं होतं. कोहमाऱ्याच्या बाजारात. म्हने, तुमचे मालक शेवटवर बसले होते. अन् सुमतीच्या मायचं बी सांगतलं तिनं. समदं.'

'कधी?'

'तू गेली त्याच्या आठ दिवसानं.'

मी इतकी वर्षं या बाईला ओळखतो असं समजत होतो. दूध, बकरी, चूल. मला एकदम थकल्यासारखं झालं.

'मंग मले कायले नाई बोलावलं?' पुष्पांजलीने विचारलं. आवाज चढला नव्हता. 'आठच दिवस झाले होते, माय.'

'काय सांगू? तुहा बाप खोटं बोलला म्हनून? गावाले कळलं असतं तं पान्याची पाळी कोनं ऐकली असती त्यायची?' कुंदाबाईंनी काडी खाली ठेवली. 'मले भेव वाटलं. तवा वाटलं सुधरन. मंग तू बोललीच नाई. मंग मी बी नाई बोलली.'

पुष्पांजली उठून परसात गेली. तिथून बराच वेळ बादली घासल्याचा आवाज येत होता. एकच बादली.

रविवारी भैयाजी आले, सोबत अंजूचा नवरा. पुढच्या खोलीत बसले. मी आतून उघड्या दारातून बघत होतो, ऐकत होतो. भैयाजी शहरातले, अर्धं हिंदीत बोलणारे. 'देखिए बाई, घर घर में होता है. लडका शर्मिंदा हाये. अन् तुमचं तर घर कसं. यादोरावजींनी स्वतःच्या पोरीले तीन दिवसात समजावून वापस पाठवलं होतं, पूरा इलाका आजही नाव घेते.'

योगराजने घसा खाकरला. मला वाटलं, आता कुंदाबाई चहा आणायला उठतील.

त्या उठल्या नाहीत. 'यादोराव खोटं बोलले होते,' त्या म्हणाल्या. 'मले माईत होतं अन् मी उगी रायली. माह्या पोरीचा कान गेला त्याच्यात.'

बाहेर ओसरीवर गावातली दोन माणसं बसली होती. ती माना वळवून आत बघू लागली.

'अंजू येनार नाई,' कुंदाबाई पुढे म्हणाल्या. 'तिले वाटन तवा येईन. नाई वाटलं तं नाई येनार. चहा घ्या.'

भैयाजींनी चहा घेतला नाही. नवरा मात्र कप हातात धरून बसून राहिला, मग तोही उठला. त्या संध्याकाळपर्यंत गावभर झालं की यादोरावांच्या बायकोने नवऱ्याला मेल्यावर खोटं पाडलं. कोणी बरं म्हणालं, कोणी वाईट. सध्या पाण्याची पाळी योगराज सांगतो. काल एक माणूस त्याला हसून म्हणाला, 'खरी सांगून राहिला ना बा?' योगराज आत येऊन माझ्यासमोर बसला. मग त्याने ती कॅसेट काढली आणि पट्टीवरचं 'लाइन नव्हती' नखाने खरवडून टाकलं. त्याला काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा तशीच कोरी राहिली.

आणि आता ती पिशवी. काल पुष्पांजलीची तिरोड्याची बस होती. अंजूचं मार्गी लागलं होतं, तिला गोंदियाच्या एका दवाखान्यात काम मिळतंय. पुष्पांजलीने नेहमीप्रमाणे पिशवी भरली, डब्यात लाडू घेतले, चप्पल घातली. दारापर्यंत गेली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. अगदी तिथेच, जिथे ती त्या सकाळी उभी होती.

'माय,' ती म्हणाली, 'अंजूचं झालं. माहा भाग तं निघून गेला.'

कुंदाबाईंना पटकन उठवत नाही, गुडघे धरतात. त्या भिंतीला धरून उठल्या, लेकीच्या खांद्यावरून पिशवी काढली आणि ठेवायला दुसरी जागा दिसेना म्हणून माझ्या डोक्यावर ठेवली. 'हातपाय धू,' त्या म्हणाल्या.  मालिकेतल्या आईसारखं नीट म्हणताही आलं नाही, आवाज फाटला.

'चार दिवस रायतो,' पुष्पांजली म्हणाली.

रात्री ती खालीच झोपली, माझ्यासमोर, चटईवर. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, केस पांढरे झालेली. सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन वाजला. तिने तो डाव्या कानाला लावला आणि थोड्या वेळाने खाली ठेवला.

कुंदाबाई मला म्हणजे टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग योगराजला हाक मारून सांगितलं की भंगारवाल्या मोनूला बोलाव, हा टीव्ही ने म्हणावं. कॅसेटही ने म्हणावं. आणि गोठ्यातली बाज धुऊन इथे आण.

अशा वेळी माझ्यासारखी जुनी वस्तू म्हणते, मला टाकू नका, मी तुमची सेवा केली. मला तसं काही म्हणायचं नाही. मी जिथे बसलो ती जागा माझी नव्हती. मी आलो तेव्हा ते कोणी मला सांगितलं नाही, आणि कळलं तेव्हा मला चालता येत नव्हतं.

मोनू आलाय. ओसरीवर बसून योगराजशी गप्पा मारतोय आणि कोणीतरी त्याच्यासाठी चहा ठेवलाय. त्याला कोणी सांगा, चहा नंतर घे. आधी ही पिशवी जपून खाली ठेव आणि मला उचल. बाज धुऊन झालीये. दाराबाहेर पाणी निथळत उभी आहे.